पाण्याखालची राखण

“अगं, आत्ताच एवढी फुंकशील तर खडकावर पोचेपर्यंत दम कुठला उरणार?” कुंपणापलीकडून ओदिलिया ओरडली. “गावातला एक कोंबडा झोपू दिला नाहीस!”

यूस्तिनाने तोंडाशी धरलेला शंख खाली घेतला. गाल दुखत होते, ओठांना मुंग्या आल्या होत्या, आणि तरी तिला हसू आवरत नव्हतं.

“तालीम नको का करायला? ऐन वेळी फुस्स झालं म्हणजे?”

ओदिलियाच्या मागे पायरीवर तिचा नवरा क्लेमेन्स जाळीची पिशवी शिवत बसला होता. मान वर न करता तो बायकोला म्हणाला, “ओदिलिया, शेजारच्या बाईला सांग, शंख नाही फुस्स व्हायचा. खडक होईल.”

“ऐकलं मी,” यूस्तिना म्हणाली.

“ऐकलं म्हणतेय,” ओदिलियाने नवऱ्याला कळवलं आणि कपाळावर हात मारला. “मधे हे एवढंसं कुंपण, आणि निरोप पोचवून पोचवून माझी जीभ झिजली. मेल्यावर देवापुढे पण माझ्यामार्फतच भांडणार आहात का रे?”

क्लेमेन्स यूस्तिनाचा सख्खा दीर. पण दोन वर्षं तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

आज मात्र वेअरमास गावात कुणाला भांडणाकडे बघायला सवड नव्हती. तीन वर्षं बंद असलेला खडक आज उघडणार होता. तुआल शहरात कामाला असलेली पोरं सुट्टी काढून परवाच्या जहाजाने गावात आली होती. चुलीचुलीवर एनबाल कंदाच्या भाकऱ्या भाजल्या जात होत्या, कारण एकदा सगळे पाण्यात उतरले की संध्याकाळपर्यंत कुणी रांधायला घरी येणार नव्हतं. ज्यांना नीट चालता येत नव्हतं तेही म्हातारे उजाडायच्या आधीपासून वाळूवर जागा धरून बसले होते.

हे सगळं लोलासाठी. लोला म्हणजे भोवऱ्यासारखा, मुठीएवढा समुद्री शिंपला. त्यातलं मांस गाव खातं आणि कवच लांबच्या देशांत बटणं करायला जातं. वेअरमासच्या चर्चचं छप्पर, शाळेची बोट, कितीतरी पोरांची शिक्षणं एके काळी लोलावर झाली. मग बाहेरच्या बोटी आल्या. त्यांच्यावर कंप्रेसर होते. तोंडात हवेची नळी धरून माणसं जिथे कधी कुणी गेलं नव्हतं तिथवर खोल उतरायला लागली आणि थोड्याच वर्षांत खडक खरवडून निघाला. त्या बोटींवर गावचेही लोक होते. यूस्तिनाचा नवरा बोनिफास त्यांतलाच. एकदा तळातून वर येताना घाई झाली, पाण्याचा दाब बाधला आणि त्याचे पाय लुळे पडले. दोन पावसाळे चटईवर काढून तो गेला.

नंतर गावाने खडक बंद केला. एकदा केला, उघडला, हाती काही लागलं नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. कारण उघड होतं. बंदी होती, पण ती पाळायला लावणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या वेळी गावप्रमुख, ज्यांना सगळे बापा राजा म्हणत, त्यांनी सभेत विचारलं, “राखण कोण करणार?” पुरुषांनी माना खाली घातल्या. चोर धरायचा म्हणजे कुणाचा तरी काका धरायचा, कुणाचा तरी जावई धरायचा.

“ज्याचं या गावात रक्ताचं कुणी नाही असा माणूस पाहिजे,” बापा राजा वैतागून म्हणाले. “म्हणजे काय, यूस्तिनाला नेमू?”

सभा खोखो हसली. यूस्तिना सेराम बेटाच्या डोंगरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला होता. होडी वल्हवायला ती शिकली, मासे खारवायला शिकली, पण पाण्यात गुडघ्यापलीकडे ती कधी गेली नाही. बोनिफास गेल्यावर तर ओहोटीला शेवाळ गोळा करतानाही ती किनाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची.

हसू ओसरल्यावर ती उठली. “करते मी,” ती म्हणाली. “माझा माणूस ह्या शिंपल्यांपायी गेला. ते परत येतात का, एवढं तरी बघू.”

आणि तिने राखण केली. तोल राखायला बाजूला बांबूची उलांडी लावलेल्या लहानशा होडीतून ती रोज खडकावर फेऱ्या घालायची. ऊन, वारा, लाटा, काही असो. पहिल्या वर्षी तिने परगावच्या तीन होड्या नुसत्या ओरडून पळवल्या. तिचा आवाजच तसा होता. डोंगरात या उतारावरून त्या उताराला हाक मारायची सवय. दुसऱ्या वर्षी एका पहाटे खडकाजवळ पाण्यातून एक डोकं वर आलं आणि तिने होडी नेमकी त्याच्यापुढे आडवी घातली. तो क्लेमेन्स होता. हातात भरलेली पिशवी.

“वहिनी,” तो धापा टाकत म्हणाला, “पोरीचा चर्चमधल्या कम्युनियनचा झगा शिवायचाय गं. एवढीच पिशवी. घरातल्या माणसाला धरणार तू?”

“पिशवी होडीत टाक.”

“दादा असता तर—”

“दादाचं नाव काढू नकोस. टाक.”

गावाचा नियम होता. त्या रविवारी क्लेमेन्स गळ्यात पिशवी अडकवून चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभा राहिला. प्रार्थना संपेपर्यंत. त्याची मुलगी पहिल्या बाकावर बसली होती. यूस्तिना मागच्या भिंतीला टेकून उभी होती आणि तिला एकही गाणं म्हणता आलं नाही. पोरीचा झगा नंतर तिनेच शिवला आणि ओदिलियाकडे दिला. क्लेमेन्सने तो पाहिला, पोरीला घालू दिला, आणि बोलणं बंद केलं.

गेल्या महिन्याच्या सभेत मात्र तो बोलला. तिच्याशी नाही, सभेशी.

“तीन वर्षं आपण एका बंद खोलीवर पहारा बसवलाय,” तो म्हणाला. “आत काय आहे कुणी बघितलंय? राखणदाराने तरी? तिने तर आजवर पाण्यात डोकं बुडवलेलं नाही! या वेळीही खडक रिकामा निघाला तर बोटवाल्यांना देऊन टाका. निदान त्यांच्या बोटीवर कामं तरी मिळतील पोरांना.”

लोकांनी माना डोलावल्या. बापा राजांनीही. तसंच ठरलं. आणि म्हणूनच आज किनाऱ्याच्या टोकापलीकडे एक निळी बोट नांगर टाकून उभी होती. तिच्यावरचा माणूस टपावर पाय सोडून, सिगारेट ओढत वाट बघत होता.

*

चर्चच्या पास्तोरांनी पाण्यावर आशीर्वाद दिला. दोन वडीलधाऱ्यांनी बंदीची खूण म्हणून खांबावर बांधलेली, आता सुकलेली झावळी सोडली. चाळीसेक होड्या एका ओळीत खडकाच्या कडेला डुलत होत्या आणि प्रत्येकीत माणसं उभी, वाकलेली, पाय काठावर रोवलेली. पोरंटोरं किंचाळत होती. कुणीतरी ढोल बडवत होतं, त्याला दुसरं कुणी थांब म्हणत होतं.

“फुंक गं बाई!” म्हाताऱ्या ओरडल्या. “इथे आमचा जीव जायची वेळ आली!”

यूस्तिना होडीत उभी राहिली. तिने छाती भरून श्वास घेतला आणि शंख फुंकला. पहिला आवाज खरंच फुस्स झाला. किनाऱ्यावर हशा पिकला. दुसरा मात्र असा निघाला की टोकावरचे पक्षी उडाले, आणि त्या आवाजासरशी सगळं वेअरमास पाण्यात पडलं. एकच उसळी, एकच फेस, आणि मग होड्यांत उरल्या थोड्या बायका आणि वडीलधारे, पाण्यावर नुसते बुडबुडे.

ती वाट बघत राहिली.

पहिलं डोकं वर आलं. मग दुसरं. मग पाच, दहा. “बघू! बघू!” होड्यांवरच्या बायका ओरडत होत्या. हातांत लोला होते, पण सुपारीएवढे. मापाची बांबूची कडी यूस्तिनाकडे होती. पहिला लोला तिने कडीत धरला. तो आरपार पडला.

“लहान आहे. सोड परत.”

दुसरा. तिसरा. “सोड. हा पण सोड.”

“मोठा एकही नाही का रे?” बापा राजांनी त्यांच्या होडीतून विचारलं. त्यांच्या आवाजातला उत्साह पातळ झाला होता.

“नाही दिसत, बापा. पोरंच आहेत सगळी.”

लोक पुन्हा बुडले, पुन्हा वर आले. आता कुणी ओरडत नव्हतं. तुआलहून आलेल्या एका तरण्या पोराने पिशवी होडीत भिरकावली. “एवढ्यासाठी सुट्टी घालवली,” तो पुटपुटला, आणि त्याने यूस्तिनाकडे बघितलं. मग आणखी चौघांनी बघितलं. तिला कडी कुठे लपवावी कळेना. टोकापलीकडे इंजिनाचा आवाज झाला. निळ्या बोटीने नांगर उचलला होता आणि ती हळूहळू खडकाकडे यायला लागली होती.

“क्लेमेन्स कुठाय?” एकदम शेजारच्या होडीतून ओदिलिया म्हणाली.

तो जवळच्या बाजूला नव्हताच. शंख वाजताच तो एकटा होडी घेऊन बाहेरच्या कड्याकडे गेला होता, जिथे लाटा फुटतात आणि जिथे पोरांना कुणी जाऊ देत नाही. तिथे त्याची रिकामी होडी वरखाली होत होती.

“किती वेळ झाला गं?” ओदिलियाचा चेहरा उतरला होता. “वहिनी, किती वेळ झाला?”

यूस्तिनाने वल्हं उचललं होतं. लाटा फुटत होत्या तिकडे तिने होडी घातली, अंगात आहे तेवढं बळ लावून. तिच्या कानांत जुना एक दिवस घोंघावत होता. तेव्हाही पाण्यावर असेच बुडबुडे होते आणि असंच कुणीतरी वेळ विचारत होतं. “एकाला घेतलंस ना,” ती दातांवर दात ठेवून पाण्याला म्हणत होती. “बास झालं. बास झालं तुला.”

आणि मग उलांडीच्या अगदी जवळ क्लेमेन्सचं डोकं वर आलं.

त्याने बांबू धरला. तोंडाने भाता चालल्यासारखा श्वास चालला होता. यूस्तिनाने आधी त्याचे डोळे बघितले, मग हात, मग पाय हलतायत का ते बघितलं. पाय हलत होते. हात रिकामे होते. कमरेची पिशवीही रिकामी होती.

तिच्या मनात आलं, झालं. संपलं सगळं.

क्लेमेन्सने पाण्यातला चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे बघत राहिला.

“वहिनी,” तो म्हणाला.

दोन वर्षांनी. यूस्तिनाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“वहिनी, अगं...” तो हसत होता की रडत होता, पाण्यात काही कळत नव्हतं.

“पिशवी रिकामी कशी तुझी?”

“कुठून सुरुवात करू तेच समजेना गं! भरलाय. सगळा कडा भरलाय. एकावर एक बसलेत. हात ठेवायला जागा नाही. मी नुसता बघतच राहिलो, म्हणून वर यायला उशीर झाला!” आणि मग तो मागे वळून असा ओरडला की निळ्या बोटीवरच्या माणसालाही ऐकू गेलं असेल. “अरे तिथे काय पोरांशी खेळताय! इकडे या! मोठे सगळे इकडे आहेत! इकडे!”

चाळीस होड्या एकदम वळल्या. वल्ही वल्ह्यांवर आपटली, दोन होड्या उलांडीत उलांडी अडकून गोल फिरल्या, शिव्या आणि हसू एकत्र उडालं. बापा राजांनी स्वतःचा सदरा काढला आणि या वयात, गावप्रमुखाच्या मानाचा विचार न करता, पाण्यात उडी मारली. पहिला लोला त्यांनीच आणला. यूस्तिनाने कडीत घालून बघितला. तो वरच अडकला.

“मापात आहे!” ती ओरडली. किनाऱ्यावर ढोल पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी त्याला थांब म्हणणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर कडी लावायची गरजच पडेना. पिशव्या वर येत होत्या, होडीत उलट्या होत होत्या, पुन्हा खाली जात होत्या. ओदिलिया एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने लोला रचत होती आणि नवऱ्याला जोरजोरात शिव्या देत होती. निळी बोट थोडा वेळ थांबली. टपावरचा माणूस उभा राहून बघत होता. मग बोटीने तोंड फिरवलं.

क्लेमेन्स मात्र अजून यूस्तिनाच्या उलांडीलाच धरून होता.

“तू जा की,” ती म्हणाली. “तुझ्या वाटचे संपतील.”

“संपत नाहीत. तू चल.”

“कुठे?”

“खाली.”

“डोकं फिरलंय का? मला पोहता येत नाही.”

“माहितीये. सगळ्या गावाला माहितीये. मीच ओरडून सांगितलं ना सभेत?” त्याने मान खाली घातली, मग पुन्हा वर केली. “राखणदाराने आत बघितलं नाही म्हटलं होतं मी. आता बघ. तीन वर्षं राखलंस ते बघायला नको?”

“मी नाही येत.”

“माझ्या खांद्याला धर. गळा नको आवळूस तेवढा. दम घे, तोंड मीट, मी सांगेन तेव्हा.”

“क्लेमेन्स, मला भीती वाटते रे.”

“मलाही वाटते,” तो म्हणाला. “दादानंतर दर वेळी वाटते.”

शेजारच्या होडीतून कुणीतरी हे ऐकलं. “जा गं तांता!” तिला काकू मानणारी एक पोरगी ओरडली. “आम्ही होडी धरतो तुझी!” आणि बघता बघता आठदहा जणांनी तिची होडी घेरली. नको नको म्हणेपर्यंत क्लेमेन्सने स्वतःचा चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला होता. घरीच लाकूड कोरून, त्यात काच बसवून केलेला, पाठीमागे रबर. त्याने रबर घट्ट ओढलं. लाकूड गालांत रुतलं.

पाणी आधी मांडीला लागलं, मग पोटाला, मग छातीला. यूस्तिनाने सगळ्या संतांची नावं घेतली. क्लेमेन्सचा खांदा तिने असा पकडला की नखं रुतली.

“आता!”

पाण्याने कान बंद केले. गावाचा गलका एकदम नाहीसा झाला. तिने डोळे घट्ट मिटले होते. मग तिने एक उघडला.

दगड होते. नुसते दगड. शेवाळलेले, गुलाबी-राखाडी खपल्या धरलेले दगड, कड्याला चिकटलेले. लोला तिने आयुष्यभर पाहिले होते ते वाळूवर, उकडून घासलेले, चकचकीत. इथे तसलं काही नव्हतं. माझ्यासाठी खोटं बोलला हा, तिच्या मनात आलं. मला बरं वाटावं म्हणून.

तेवढ्यात एक दगड सरकला.

अगदी जरासा. मग त्याच्या शेजारचा. मग तिला तो आकार दिसला, खाली रुंद, वर निमुळता, आणि एकदा दिसल्यावर तो सगळीकडे दिसायला लागला. वर, खाली, भेगांमध्ये, कड्याच्या पोटात, जिथवर उजेड पोचत होता तिथवर. सगळा कडा जिवंत होता. त्यांच्यातून पोहणारी वेअरमासची माणसं, जी तिला वरून नुसती डोकी म्हणून माहीत होती, इथे पिसासारखी हलकी होती. बापा राजा त्यांच्या ढेरपोटासकट एखाद्या बाळासारखे तरंगत गेले आणि तिला बघून त्यांनी हात हलवला.

यूस्तिना ओरडली. पाण्याखाली ओरडायचं नसतं हे ती विसरली. घशात खारं पाणी गेलं आणि क्लेमेन्सने तिला बखोटीला धरून वर आणलं. खोकून खोकून तिचा जीव अर्धा झाला. ओदिलियाने पाठीत धपाटे घातले.

“मेली का जिवंत आहे?” म्हाताऱ्यांनी किनाऱ्यावरून विचारलं.

“जिवंत आहे! शिव्या देतेय!” ओदिलियाने कळवलं.

“पुन्हा,” श्वास परत आल्यावर यूस्तिना म्हणाली.

“काय?”

“पुन्हा ने रे मला.”

तो तिला पुन्हा घेऊन गेला, आणि आणखी एकदा. तिसऱ्यांदा वर आल्यावर ती उलांडीला लोंबकळत राहिली. आजूबाजूचे आपापल्या पिशव्यांकडे वळले होते.

“तुझा दादा इथेच का रे...” तिने विचारलं.

क्लेमेन्सने मान हलवली. “इथे नाही. पलीकडे, खोलात. तिथे मी जात नाही.”

“नकोच जाऊस,” ती म्हणाली.

*

ऊन कलेपर्यंत वाळूवर लोलांचे ढीग लागले होते. मोठ्या कढयांमध्ये पाणी उकळत होतं. खोबऱ्याच्या रसात शिजणाऱ्या मांसाचा वास घराघरांत शिरला होता. पोरं कवचं कानाला लावून धावत होती. पुढच्या वेळी राखण कोण करणार, असं बापा राजांनी विचारलं तेव्हा या खेपेला एकदम सहासात हात वर झाले. त्यांत क्लेमेन्सचाही होता.

“चोराला नेमता काय?” कुणीतरी ओरडलं.

“चोरालाच चोराच्या वाटा माहीत,” तो म्हणाला. “पण वहिनीच्या हाताखाली. आणि तिला पोहायला मी शिकवणार. रोज एवढी नखं रुतवून घ्यायला माझ्या अंगावर जागा नाही.” त्याने सदरा बाजूला करून खांदा दाखवला आणि सगळा किनारा हसला.

यूस्तिना कपडे बदलायला घरी आली. बाहेर गाणं सुरू झालं होतं. तिने ओला झगा काढला, कोरडा घातला, केस पिळले आणि विंचरायला म्हणून भिंतीवरच्या लहान आरशापुढे उभी राहिली.

तिच्या दोन्ही डोळ्यांभोवती गोल वळ उठले होते. चष्म्याच्या लाकडाचे, लालसर, नीट काढल्यासारखे.

बोनिफास रोज हेच दोन वळ घेऊन घरी यायचा. उंबऱ्यावर बसायचा, पाय पुसायचा आणि म्हणायचा, “यूस्तिना, आज खाली काय बघितलं माहितीये?” आणि ती चुलीपाशी पाठ करून बसलेली असायची, म्हणायची, “नको सांगूस, मला भीती वाटते. जेवून घे आधी.” तो जेवून घ्यायचा. जेवता जेवता ते वळ हळूहळू फिके व्हायचे.

ती आरशाच्या आणखी जवळ गेली.

“वहिनी!” कुंपणापलीकडून ओदिलियाची हाक आली. “सगळे खोळंबलेत. अजून काय करतेयस? तोंड धुतेयस का?”

“नाही,” यूस्तिना म्हणाली. तिने फणी ठेवली आणि तशीच बाहेर आली.